कर्ज फेडणारा भाऊ

[ट्रेंट नदी, गेन्सबरो, इंग्लंड. भरती वर चढतेय]

समुद्राची भरती इथवर येते. मोठ्या भरतीला तर पाण्याची लाट प्रवाहाच्या उलट धावत येते. १८५९ च्या सप्टेंबरात इंग्लिश लेखिका जॉर्ज एलियट, म्हणजे मेरी ॲन इव्हान्स, आपल्या कादंबरीसाठी हे पाणी बघायला इथे आली होती. पुढच्या एप्रिलात ती कादंबरी, ‘द मिल ऑन द फ्लॉस’, प्रसिद्ध झाली.

[पाणचक्कीचं चाक]

पाणचक्की चालते वरून येणाऱ्या पाण्यावर. वरच्या अंगाला कुणी ते शेताकडे वळवलं, की खाली चाक मंदावतं. कादंबरीतला गिरणीवाला टलिव्हर, टॉम आणि मॅगीचा बाप, याच भांडणापायी कोर्टात जातो आणि हरतो. जमीन आधीच गहाण. घरात बेलिफ, म्हणजे जप्तीचा अंमलदार, येऊन बसतो. आईनं लग्नाआधी स्वतः सूत कातून विणून घेतलेली, माहेरच्या नावाची कापडंसुद्धा विक्रीला निघतात. टॉम सोळा वर्षांचा, मॅगी तेरा.

[मेणबत्ती, घडी घातलेला कागद]

त्याच दिवसांत कर्जाच्या एका चिठ्ठीचा विषय निघतो. टलिव्हरनं बहिणीच्या नवऱ्याला दिलेले ३०० पौंड. एकदा तो वसुलीला निघालाही होता, पण परतला. आपण बहिणीशी कठोर वागलो, तर उद्या टॉमही मॅगीशी तसाच वागेल, ही धास्ती. आता घर बुडत असताना ती चिठ्ठी नाहीशी करा, असा आग्रह टॉमच धरतो. टॉमला निष्ठुर म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावं.

[सुई, पांढरं कापड. अगदी जवळून]

मॅगी गावातल्या दुकानातून शिवण आणते. पांढरं कापड, साधे टाके. हेतू एकच, कर्जाला हातभार. टॉमला कळतं आणि तो बजावतो: माझ्या बहिणीनं असली कामं करायची नाहीत, कर्ज मी फेडीन. नातं फिरतं ते इथे. लहानपणी तिच्या विसरभोळेपणामुळे त्याचे ससे मेले, तेव्हा तो चिडला होता. पण ते भांडण बरोबरीच्या दोघांचं होतं. आता ओझं एकटा उचलणाऱ्याला हुकमाचा हक्क मिळाला, आणि मॅगीला ते ओझं उचलूच दिलं नव्हतं. पुढे विरोधी वकिलाच्या मुलाला, फिलिपला, भेटणार नाही अशी शपथ तो तिच्याकडून बायबलवर घेतो.

[पत्र्याची पेटी. नाणी]

बापाच्या पेटीत १९३ पौंड. काकांकडून उसने घेऊन टॉमनं मालाचा व्यापार केला, त्याचे बँकेत ३२० साठलेत. बेरीज ५१३. सगळे घेणेकरी भागतात. लगोलग बाप जातो.

[ग्रिफ हाउस, ननीटन गावाजवळ]

लेखिकेचं बालपण या घरातलं. भाऊ आयझॅक तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. लेखक जॉर्ज हेन्री लुईसबरोबर लग्नाशिवाय थाटलेल्या संसाराची बातमी तिनं १८५७ मध्ये कळवली आणि त्यानं बोलणं तोडलं. त्याचं पुढचं पत्र आलं १८८० मध्ये.

[पुन्हा नदी. पाणी चढलेलं]

कादंबरीत पूर येतो. मॅगी होडी वल्हवत टॉमला आणायला गिरणीकडे निघते.

[होडी. फक्त पाण्याचा आवाज]