मनासच्या धुक्यातील उतरण

श्रोतेहो, नमस्कार. 16 जानेवारी 2017 रोजी किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथील मनास विमानतळ दाट धुक्यात बुडालेला होता. हाँगकाँगहून इस्तंबूलला निघालेले बोइंग 747 जातीचे मालवाहू विमान वाटेतल्या थांब्यासाठी तेथे उतरत होते. सकाळी सव्वासातच्या सुमारास, अजून उजाडलेही नव्हते तेव्हा, ते धावपट्टीपलीकडच्या दाचा-सू या वस्तीवर कोसळले. विमानातील चौघे आणि वस्तीतील 35 जण, असे 39 जीव गेले.

सगळा दोष धुक्यावर घालून मोकळे होता येत नाही, कारण धुक्यात उतरण्याची यंत्रणा तेथे होती. धावपट्टीजवळचा अँटेना 3 अंश उताराची एक अदृश्य वाट रेडिओलहरींनी आखून देतो आणि ऑटोपायलट त्या वाटेने विमान खाली आणतो. गोम अशी की, याच लहरींतून बरीच वर, साधारण 9 अंशांवर, एक फसवी वाटही तयार होते. हा बिघाड नव्हे. लहरींचा तो स्वभावच आहे आणि वैमानिकांना तो शिकवलेला असतो. म्हणून खरी वाट खालच्या बाजूने गाठायची असते.

हे विमान मात्र आधीपासूनच हवे त्यापेक्षा उंच होते. 3 अंशांच्या उतारावर दर सागरी मैलाला सुमारे 300 फूट उंची उतरते. म्हणजे धावपट्टी 5 मैलांवर असताना आपण दीड हजार फुटांच्या आसपास असायला हवे, इतका हा तोंडी हिशेब. तपास अहवालाप्रमाणे अंतर आणि उंची यांचा हा मेळ वैमानिकांनी घालून पाहिला नाही. ऑटोपायलटने फसवी वाट पकडली, ती लवकरच निसटली, तरी यंत्राने 3 अंशांचा उतार आपल्या परीने चालूच ठेवला. तसे इशारे मिळाले, पण त्यांवर काही केले गेले नाही. माझ्या मते विमान येथेच हातचे गेले.

जमीन 100 फुटांवर आली तेव्हा धुक्यात धावपट्टीचे दिवे दिसण्याची वाट पाहिली जात होती, आणि 4,200 मीटर लांबीची ती अख्खी धावपट्टी तर केव्हाच मागे पडली होती. दिवे न दिसल्यामुळे विमान पुन्हा वर घेण्याचा निर्णय झाला, पण खाली येणारे एवढे धूड सावरून वर वळवायला लागते तितकी उंची उरली नव्हती, आणि धावपट्टीच्या टोकापासून सुमारे 900 मीटरवर दाचा-सूची घरे लागत होती.