वरून खाली

श्रोतेहो, नमस्कार.

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात! चाव्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. माझं आयुष्य पाडकामावर देखरेख करण्यात गेलं, त्यामुळे माझं मन त्या फोटोंच्या मागे गेलं: तिथल्या जुन्या चाळी उतरवल्या कशा?

उतरवल्या, असंच म्हणतो मी. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या या तीन मजली चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७, आणि एकेका चाळीत ८० खोल्या. एक चाळ रिकामी होते तेव्हा शेजारच्या चाळीत कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. तिथे सुरुंगाचं नावही काढता येत नाही.

लोकांच्या डोळ्यांसमोर असतात ते नोएडाचे जुळे टॉवर. २८ ऑगस्ट २०२२, सुमारे ३७०० किलो स्फोटकं, आणि काही सेकंदांत सगळं जमीनदोस्त. पण त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मध्यरात्र उलटल्यावर पुण्यातल्या चांदणी चौकातला पूल ६०० किलो स्फोटकांनी उडवला, तेव्हा काय झालं आठवतं? धुरळा बसला आणि पाहतात तर पुलाचा काही भाग उभाच! उरलेलं पोकलेनने पाडावं लागलं. जुन्या काँक्रीटच्या पोटात लोखंड किती, हे फोडल्यावरच नक्की कळतं.

म्हणून आमचा रस्ता वरून खाली. जे शेवटी बांधलं ते आधी काढायचं. आधी टाक्या आणि गच्चीवरचे पत्रे, मग सगळ्यात वरचा स्लॅब, त्याखालचे बीम, मग कॉलम, आणि तो मजला साफ झाल्याशिवाय खालच्याला हात नाही. बाहेरून परांची आणि हिरवी जाळी, धुळीवर पाण्याचा फवारा. ऐकायला सोपं आहे. घात होतो तो राडारोड्याने. ठेकेदाराला घाई असते, मलबा त्याच मजल्यावर साठत जातो, वर ब्रेकरचं मशीन धडधडत असतं. माणसं वावरावीत एवढ्याच हिशेबाने बांधलेला तो स्लॅब, त्यात सळ्या गंजून बोटाने चुरा व्हावा अशा झालेल्या. तो बसला की खालचेही घेऊन बसतो.

दुसरी जागा गॅलरीची. बाहेर झुकलेली गॅलरी आतल्या भिंतीच्या वजनावर तोललेली असते. आधी आतली भिंत पाडलीत, तर गॅलरी पलटी खाते, वर उभ्या माणसासकट.

एकदा एका सरकारी इमारतीचं काम होतं. वीज तोडल्याचं पत्र माझ्या फायलीत, सही-शिक्क्यासह. दुसऱ्या मजल्यावर आमच्या वायरमनने सवयीने एका पट्टीला टेस्टर लावला, तर दिवा पेटला! कधीतरी कुणीतरी शेजारच्या इमारतीतून चोरून वायर ओढली होती. कागदावर तिचा पत्ता नव्हता. तिथूनच हात-दीड हातावर गॅस कटर चालू होणार होता. त्या दिवसापासून मी पत्रावर भरवसा ठेवला नाही, प्रत्येक खोलीत टेस्टर फिरवायला लावला. पाण्याच्या आणि गॅसच्या जोडण्यांचंही तेच.

रिकाम्या खोल्यांतून असं फिरताना एक गोष्ट नेहमी दिसायची. भिंतीचा पोपडा निघाला की रंगांचे थर दिसत: वर गुलाबी, खाली पोपटी, त्याखाली चुन्यातली निळी. आणि दाराच्या चौकटीवर कुंकवाची बोटं. ब्रेकर लावण्याआधी काही जण चौकट मागायला येत. सागवानी असली तर ठेकेदार देत नसे, ते त्याचं भंगार. मी दोन-तीनदा भांडून मिळवून दिली.

तर श्रोतेहो, तुमच्या गल्लीत पाडकाम सुरू असेल, तर जाता-येता एकदा मान वर करून पाहा. अर्धवट पाडलेल्या मजल्यावर मलब्याचा ढीग दिसला आणि त्याच्याच खालच्या मजल्यावर मजूर डबे उघडून बसलेले दिसले, तर लगेच मुकादमाला हाक मारा. तो ऐकत नसेल, तर वॉर्ड ऑफिसला फोन करा. जेवण उरकेपर्यंत थांबू नका.

नमस्कार.