भाव भट्टीत ठरतो

[दृश्य: टेबलावर पसरलेली कोटेशनं. कॅमेरा एका कागदाच्या तळाशी येऊन थांबतो.]

निवेदन:
घर बांधायला काढलेला माणूस कोटेशनमधली बेरीज आधी बघतो. तळाशी बारीक अक्षरात छापलेली ओळ त्याच्या नजरेतून सुटते. 'वरील दर सात दिवसांपुरते.' नकाशा मंजूर व्हायला, कर्ज हातात पडायला, पाया खोदून व्हायला महिने जातात. ज्या दरावर सगळं गणित मांडलं, त्या दराने स्लॅबचं लोखंड कधी येतच नाही.

मग संशय सुरू होतो. दुकानदार लुटतोय, ठेकेदार मधे खातोय. कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा भाव वाढतो तो दुकानाच्या कितीतरी आधी, एखाद्या भट्टीच्या तोंडाशी.

[दृश्य: सावकाश फिरणारी लांबलचक सिमेंटभट्टी. आतला लालभडक उजेड.]

सिमेंट घ्या. चुनखडी आणि माती एकत्र दळायची, आडव्या फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. बाहेर पडणारे काळपट गोळे म्हणजे क्लिंकर. त्यात थोडा जिप्सम घालून पुन्हा दळलं की सिमेंट. पोत्यात भरलेला असतो दगड, पण पैसे आपण मोजतो ते मुख्यतः जळणाचे, विजेचे आणि वाहतुकीचे.

सळईचंही तसंच. झोतभट्टीच्या (ब्लास्ट फर्नेस) वाटेने एक टन पोलाद काढायला जवळपास १४०० किलो लोहखनिज आणि ७८० किलो कोकिंग कोळसा लागतो. समुद्रमार्गे विकल्या जाणाऱ्या या कोळशात ऑस्ट्रेलियाचा वाटा सर्वात मोठा आहे. २०१७ च्या मार्चअखेर डेबी चक्रीवादळाने क्वीन्सलंड प्रांतातले कोळशाचे रेल्वेमार्ग बंद पाडले, आणि जगाच्या बाजारात कोकिंग कोळशाचा भाव थोड्याच दिवसांत दुपटीच्या आसपास गेला. ज्याने ते वादळ बातम्यांतही पाहिलं नव्हतं, त्याच्याही बिलात ते शिरण्याची वाट मोकळी झाली.

काच सुमारे १५०० अंशांवर वितळते. तिची भट्टी एकदा पेटवली की दहा-पंधरा वर्षं विझवत नाहीत. गॅस महागला म्हणून चार दिवस बंद ठेवू, अशी सोयच नाही. खिडकीच्या चौकटीचं ॲल्युमिनियम विजेवर बनतं; एका टनाला साधारण १४००० युनिट. विटा आणि टाइल्स भाजाव्या लागतात. पीव्हीसी पाइप आणि रंगातली रेझिनं खनिज तेल आणि गॅसच्या कारखान्यांतून येतात. एवढी यादी वाचली की लक्षात येतं, घरात अशी वस्तू शोधावी लागेल जिच्या जन्मात जळण नाही. इंधनाचा भाव पेटला की सगळ्या भावांनी एकदम उसळी घ्यायची, हे ओघानेच आलं.

[दृश्य: २०२० ते २०२२. बंद गिरण्या, रिकामी गोदामं, बंदराबाहेर ताटकळलेली जहाजं.]

२०२० च्या वसंतात उत्तर अमेरिकेतल्या लाकूडगिरण्यांनी उत्पादन कमी केलं. महासाथीत कोण घर बांधणार, असा त्यांचा हिशेब. झालं उलटं. घरात कोंडलेल्या लोकांनी दुरुस्त्या काढल्या, व्याजदर खाली आले, नव्या घरांची मागणी वाढली. गिरण्या मागे पडल्या. मे २०२१ मध्ये शिकागोच्या वायदेबाजारात इमारती लाकडाचा भाव महासाथीआधीच्या चौपटीवर गेला. त्याच्या मागे आणखी एक जुनी गोष्ट होती. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पाइन वृक्षांना लागणाऱ्या एका भुंग्याने लाखो हेक्टर जंगल वाळवून टाकलं होतं. तोडायला लाकूडच कमी उरलं होतं. बाजारात भाव पेटला तेव्हा सगळ्यांनी महासाथीला दोष दिला. त्या किड्याचं नाव फारसं कुणी घेतलं नाही.

पुढे संकटांची रांगच लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली, वीज गेली, पेट्रोकेमिकल कारखाने थांबले. पीव्हीसी आणि रंगाचा कच्चा माल दुर्मीळ झाला. मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं पडलं. मे महिन्यात तांब्याने, म्हणजे आपल्या वायरिंगने, टनाला दहा हजार डॉलरच्या वरचा तोवरचा विक्रम केला. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युक्रेनमधल्या मारिउपोल शहरातले पोलाद कारखाने युद्धात सापडले, युरोपात गॅसचे भाव भडकले आणि तिथल्या टाइल्स, विटा, काचेच्या भट्ट्यांना त्याची झळ बसली.

आता यातला खरा प्रश्न. चढलेले भाव उतरतात का?

लाकडाचे उतरले. ऑगस्ट २०२१ पर्यंत वायदेबाजारातला भाव शिखराच्या निम्म्याहूनही खूप खाली आला होता. कारण लाकडाला खुला बाजार आहे, विक्रेते पुष्कळ आहेत आणि माल अडवून धरणं परवडत नाही. सिमेंटचा स्वभाव वेगळा. ते जड आहे आणि वजनाच्या मानाने स्वस्त आहे. लांबून ट्रकने आणलं तर भाडंच अंगावर येतं. त्यामुळे कुठल्याही भागात पुरवठा करणारे कारखाने मोजकेच असतात. कोळसा महागला की पोतं लगेच महागतं. कोळसा उतरला की मात्र कुणाला फारशी घाई नसते. म्हणून 'थोडं थांबू, भाव पडतील' हा सल्ला लाकूड किंवा तांब्याला लागू पडू शकतो, सिमेंटला क्वचितच. उलट नवा खर्च दारात आहे. सिमेंट बनताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग जळणातून नव्हे तर चुनखडीतूनच बाहेर पडतो. इंधन बदलून तो जात नाही, आणि कार्बनवर मोल लावणारे कायदे आता आयात सिमेंट-पोलादापर्यंत आले आहेत. युरोपीय संघाने त्याची सुरुवात ऑक्टोबर २०२३ पासून अहवाल मागवून केली.

[दृश्य: नदीपात्र. ड्रेजर. पुढच्या चौकटीत वाळवंटातल्या टेकड्या.]

वाळूत जळण नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर. तिथे खर्च अंतराचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जग वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरतं. वाळवंटात वाळूचे डोंगर असूनही ती काँक्रीटला फारशी उपयोगी नाही; वाऱ्याने घासून तिचे कण गोल, गुळगुळीत आणि फार बारीक झालेले असतात, एकमेकांत नीट अडकत नाहीत. हवी ती नदीची, खाणीची किंवा दगड फोडून केलेली. नद्या उपसल्या गेल्या तशी देशांनी बंधनं घातली. इंडोनेशियाने २००७ मध्ये वाळूची निर्यात थांबवली, कंबोडियाने २०१७ मध्ये. जवळची खाण संपते तेव्हा वाळूचा दर तोच राहिला तरी ट्रकचं अंतर वाढतं. वाळूच्या बिलातली बरीच रक्कम डिझेलची असते.

[दृश्य: करारनाम्याची पानं. पेनाचं टोक एका कलमावर.]

हा सगळा भार शेवटी कुणाच्या खांद्यावर? ते करार ठरवतो. 'मालासकट' ठरलेलं काम घरमालकाला सुरक्षित वाटतं: दर पक्का, चिंता ठेकेदाराची. पण ठेकेदार म्हणजे अथांग तिजोरी नव्हे. ऑस्ट्रेलियात ठरावीक किमतीवर घरं बांधून देणारी एक मोठी कंपनी मार्च २०२३ च्या अखेरीस बुडाली आणि सुमारे १७०० घरं अधांतरी राहिली. ग्राहकांचा दर अगदी पक्का होता. बांधणारा उरला नव्हता.

छोट्या ठेकेदाराचं बुडणं बातमीत येत नाही. तो काम मंदावतो, माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो, किंवा सळई जरा हलकी वापरतो. म्हणून माझ्या मते भाववाढीचं कलम मालकाच्या विरोधातलं समजू नये. सिमेंट आणि सळई या दोनच जिनसांचे मूळ दर करारात लिहावेत, ठरावीक टक्क्यांपलीकडे चढ-उतार झाला तर फरक कुणी सोसायचा तेही लिहावं. उतार हा शब्द मुद्दाम आहे. तो बहुतेक करारांत नसतो.

मजुरीवर काम देऊन माल स्वतः आणणाऱ्याला वेगळी खबरदारी लागते. भाव वाढणार या भीतीने सिमेंट साठवू नये. बांधकामाच्या पुस्तकांतला जुना आडाखा सांगतो की तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण २० टक्के घटते, सहा महिन्यांत ३० टक्के. गोदाम दमट असेल तर त्याहून लवकर. वाचवलेले पैसे गोणीतच दगड होऊन बसतात. सळई साठवता येते, फक्त जमिनीवर टेकू न देता आणि झाकून.

[दृश्य: वजनकाटा. बारा मिलिमीटरची सळई. शेजारी कागदावर मिस्त्री आकडेमोड करतो.]

सळई मोजायचं एक सूत्र प्रत्येक साइटवर पाठ असतं. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. उत्तर येतं मीटरमागे किलोत. बारा मिलिमीटरची सळई: १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. बारा मीटर लांबीला १०.६७ किलो. काट्यावर ती १० किलो भरली तर लोखंड सहा टक्क्यांहून जास्त कमी आहे. नगावर घेतली असेल तर पैसे गेले. वजनावर घेतली असेल तर पैसे वाचले असं वाटतं, पण बीममध्ये सळया नग मोजून टाकतात. तिथे ताकद गेली. कारखान्याला वजनात थोडी सूट मानकानुसार असते, म्हणून एका सळईवरून भांडू नये. पाच-दहा एकत्र तोलाव्यात.

वाळूचा खेळ याहून मजेदार आहे. ओलसर वाळू फुगते. कणांभोवतीचं पाण्याचं पातळ कवच त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं, आणि चार-पाच टक्के ओलाव्याला बारीक वाळूचं आकारमान ३० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही वाढू शकतं. मापाने विकत घेतली तर तेवढी हवा विकत घेतली. मिश्रणातही घमेलं मोजून टाकतात तेव्हा वाळू कमी पडते आणि त्याच कामाला सिमेंट जास्त लागतं. तपासणी फुकटची आहे. सरळ उभ्या भांड्यात ओली वाळू १५ सेंटिमीटरपर्यंत भरा, पूर्ण बुडेल इतकं पाणी घालून ढवळा. पातळी १२ वर आली तर वाळू २५ टक्के फुगलेली होती. पाण्याने पूर्ण भिजलेल्या वाळूचं आकारमान कोरड्या वाळूइतकंच असतं, हे त्यामागचं कारण.

आणि मग नकाशा. इथे वाचणारे पैसे सर्वात मोठे असतात, कारण दर काहीही असो, माप आपण ठरवतो. दहा बाय दहा मीटरचं घर आणि वीस बाय पाचचं घर, दोन्ही १०० चौरस मीटर. पहिल्याच्या बाहेरच्या भिंती ४० मीटर, दुसऱ्याच्या ५०. त्याच क्षेत्रफळाला बाहेरची भिंत, तिचा पाया, गिलावा आणि रंग पाव पटीने जास्त. नकाशातला प्रत्येक खाचा, प्रत्येक बाहेर काढलेला कोपरा असाच मोजावा. भिंत उभी राहिल्यावर दार सरकवणं हा तर शुद्ध तोटा; तोडलेली वीट परत विकता येत नाही.

काटकसर कुठे करू नये, तेही सांगायला हवं. काँक्रीट ओतायला सोपं जावं म्हणून पाणी वाढवणं वरवर फुकट वाटतं. पाणी-सिमेंटचं प्रमाण वाढलं की ताकद घटते, हे अमेरिकी संशोधक डफ अब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये दाखवून दिलं. महाग सिमेंट आणून ते पाण्यात बुडवायचं, याला काटकसर म्हणत नाहीत.

[दृश्य: चिलीतल्या इकिके शहरातली घरं. एक भाग एकसारखा, दुसरा प्रत्येकाचा निराळा.]

पैसा पुरत नसेल तेव्हा घर लहान करायचं की अर्धं बांधायचं? चिलीच्या इकिके शहरात, किंता मोनरॉय वसाहतीत, हा प्रश्न २००४ च्या सुमारास वास्तुरचनाकार अलेहांद्रो अरावेना यांच्या गटापुढे होता. कुटुंबामागे सरकारी मदत ७५०० डॉलर, त्यातच जमीन, रस्ते, नळ आणि घर. चांगलं पूर्ण घर त्यात बसत नव्हतं. त्यांनी चांगल्या घराचा अर्धा भाग बांधला. तोही अवघड भाग: सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर. शेजारची जागा मोकळी सोडली, पुढची भर कुटुंबांनी जमेल तसा पैसा आणि माल आणून घातली. अरावेना यांना २०१६ मध्ये वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

या मार्गावर टीकाही झाली. सरकारने पूर्ण करायचं काम गरिबाच्या गळ्यात का, असा सवाल आला, आणि तो गैर नाही. पण स्वतःच्या पैशाने टप्प्याटप्प्याने बांधणाऱ्याला त्यातला क्रम घेण्यासारखा आहे. उद्याच्या मजल्याचं वजन आजच्या पायाच्या हिशेबात धरावं लागतं. नंतर पाया वाढवणं हे घर नव्याने बांधण्याइतकं महाग पडू शकतं. नळ आणि विजेच्या वाटा पहिल्या टप्प्यातच सोडाव्या लागतात. पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर कॉलमच्या सळया उघड्या राहतात. त्यांना सिमेंटच्या दाट पाण्याचा हात मारून, वर कच्च्या, म्हणजे कमी सिमेंटच्या काँक्रीटचं पांघरूण घालून ठेवावं. काही वर्षांनी ते फोडायला अर्धा दिवस लागेल, आतलं लोखंड मात्र वापरण्याजोगं निघेल.