कुलूपबंद घर आणि मतदार यादी

श्रोतेहो, नमस्कार.

२०२४ सालची आपली विधानसभेची निवडणूक आठवा. १५ ऑक्टोबरला दुपारी निवडणूक जाहीर झाली. मतदान होतं २० नोव्हेंबरला, म्हणजे मधे पाच आठवडे. कुणालाही वाटेल की महिनाभर हातात आहे, यादीत नाव बघू, नसलं तर घालून घेऊ. पण त्या निवडणुकीत मत देता यावं म्हणून नवीन नाव नोंदवायच्या अर्जाची मुदत होती १९ ऑक्टोबर. जाहीर झाल्यापासून अवघे चार दिवस. दिवाळीच्या फराळानंतर जे तहसील कचेरीत गेले, त्यांच्या हाती त्या निवडणुकीपुरतं काही लागलं नाही.

असं का होतं, ते आधी सांगतो. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. त्याच्या कलम २३ मध्ये म्हटलंय की उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस उलटला की निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नाव घालायचं नाही आणि काढायचंही नाही. त्या वर्षी उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस होता २९ ऑक्टोबर. आता तुमचा सहा नंबरचा, म्हणजे नवीन नाव नोंदवायचा फॉर्म आला की तो लगेच मंजूर होत नाही. तो सात दिवस लोकांसमोर लावावा लागतो, कुणाची हरकत असेल तर ऐकावी लागते, मग निर्णय. हे दिवस मागे मोजले की १९ तारीख येते. या नियमाला माझा विरोध नाही. उमेदवार मैदानात उतरल्यावर यादी हलती राहिली तर कुणी कुणाची नावं घुसवली यावरून गावोगाव भांडणं लागतील. माझं म्हणणं एवढंच आहे, की मतदानाच्या तारखेचा जेवढा गाजावाजा होतो, त्याच्या पावपटसुद्धा या तारखेचा होत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. शाळा सांभाळून बारा वर्षं बीएलओचं, म्हणजे गावातली मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचं काम केलं. गाव आमच्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. निम्मं गाव दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातं. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, टोळीचा ट्रक येतो, भांडी, पीठ, अंथरूण, लेकरं सगळं चढवून माणसं कारखान्याच्या वाटेला लागतात. परततात शिमगा-पाडव्याच्या आसपास. आणि मतदार यादीची दरवर्षीची उजळणी नेमकी कधी असते? प्रारूप, म्हणजे कच्ची यादी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला लागते, पुढे दावे आणि हरकती, आणि जानेवारीत अंतिम यादी. म्हणजे यादी शाळेच्या भिंतीवर लागते तेव्हा ती वाचायला गावात कोण असतं? म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं.

माझ्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. हातात यादी घेऊन घरोघर फिरत होतो. एका घराला कुलूप. शेजारीही कुलूप. त्या काळी मला एवढंच कळायचं की घरात माणूस नाही म्हणजे ‘स्थलांतरित’ असं लिहायचं. पेन टेकवला आणि कुलपाकडे लक्ष गेलं. त्याला कॅरीबॅग गुंडाळून वरून सुतळी बांधली होती, अवकाळी पावसानं गंजू नये म्हणून. उंबऱ्याशी तुळशीचा डबा होता आणि त्यातली माती ओली होती. कुणीतरी रोज पाणी घालत होतं. पलीकडच्या ओसरीवरून आजी म्हणाली, “गुरुजी, कोयत्यावर गेल्यात ती. शिमग्याला येत्यात की. घर काय सोडलंय व्हय त्यांनी?”

मी ते लिहिलं नाही. रात्री घरी येऊन कायद्याचं पुस्तक उघडलं. कलम २० मध्ये स्पष्ट दिलेलं आहे: माणूस आपल्या राहत्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. ऊस तोडायला गेलेला माणूस सहा महिने बाहेर असला तरी तो आपल्या गावचा मतदार आहे. पुढे कलम २२ म्हणतं, इथे राहत नाही या कारणावरून नाव काढायचं तर आधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. नोटीस कुलपाला चिकटवून दुसऱ्या दिवशी नाव कापलं, तर त्याला संधी दिली असं कुणी म्हणू शकणार नाही. माझ्यासारखे बीएलओ हा कार्यक्रम ऐकत असतील, अंगणवाडीच्या ताई असतील, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: कुलूप दिसलं की शेजारी विचारा, मुकादमाचा नंबर घ्या, फोन लावा. एका फोनला दोन मिनिटं लागतात. नाव एकदा गेलं की त्या माणसाला पुन्हा सहा नंबरचा फॉर्म, पुन्हा कागद, पुन्हा तालुक्याची फेरी, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

नाव नाकारलं किंवा काढलं, तर गप्प बसू नका. मतदार नोंदणी अधिकारी म्हणजे बहुतेक ठिकाणी आपले प्रांतसाहेब. त्यांच्या निर्णयावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. प्रारूप यादीवर दावा किंवा हरकत द्यायला साधारण एक महिना मिळतो. निवडणूक आयोग तो कमी करू शकतो, पण पंधरा दिवसांच्या खाली नाही.

आता लेकीसुनांविषयी. १९५१-५२ ला देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. घरोघर नावं लिहिताना असंख्य बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सेन अडून बसले, की नाव नसेल तर नोंद नाही. सुमारे २८ लाख बायकांची नावं त्या यादीतून गळाली. आज आपल्याकडे बाई स्वतःचं नाव सांगते, पण लग्न झालं की तिची नोंद माहेर आणि सासर यांच्या मधे लोंबकळते. माहेरच्या यादीत जुनं नाव तसंच, सासरी नाव नाही. किंवा सासरच्यांनी घाईनं नवा सहा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे दोन्हीकडे नाव. हे दुसरं जास्त वाईट. सहा नंबरच्या फॉर्मवर आपण लिहून देतो की माझं नाव दुसरीकडे नाही. ते खोटं ठरलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बिचाऱ्या सुनेला हे कुणी सांगितलेलंच नसतं, तिनं फक्त दाखवलेल्या जागी सही केलेली असते. तिचं नाव आधीच कुठल्या यादीत असेल तर भरायचा फॉर्म आठ नंबरचा. पत्ता बदलला, आडनाव बदललं, मतदारसंघ बदलला, सगळ्याला हाच एक फॉर्म. जुनं ओळखपत्र जवळ ठेवा, त्यावरचा नंबर लिहावा लागतो.

तरुण मुलांसाठी गोष्ट सोपी झाली आहे. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच नाव लागायचं. २ जानेवारीला जन्मलेल्या पोराला वर्षभर थांबावं लागे. २०२२ पासून वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्जही देता येतो.

पण ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद इथे मात्र फार जण फसतात. या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग. तो स्वतःची वेगळी यादी करत नाही. एक तारीख ठरवतो आणि त्या दिवशी विधानसभेची जी यादी असेल, ती प्रभागांत वाटून घेतो. २०२५ साली ती तारीख होती १ जुलै. नगरपालिकांचं मतदान आलं २ डिसेंबरला. ऑगस्टमध्ये अठराची झालेली मुलगी ऑक्टोबरात विधानसभेच्या यादीत आली असेल, तरी नगरपालिकेला तिला मत नव्हतं. प्रभागाची प्रारूप यादी लागली की लोक नवीन नावं घेऊन रांगा लावतात, आणि खिडकीतला माणूस नाही म्हणतो तेव्हा त्याच्यावर चिडतात. त्याचा इलाज नसतो. त्या टप्प्यावर ऐकल्या जातात त्या हरकती वेगळ्या: नाव चुकीच्या प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असून इथे सुटलं, लिहिण्यात चूक झाली. मला व्यक्तिशः वाटतं की अशी तारीख आधी दोन महिने दवंडी पिटून, कॉलेजांत फळ्यावर लिहून सांगायला हवी.

आणि ऊसतोडीच्या तालुक्यांत नोंदणीची शिबिरं पितृपक्षात घ्यावीत, टोळ्या निघायच्या आधी. आम्ही एक वर्ष तसं केलं होतं. शाळेच्या पडवीत दोन बाकं टाकली, यादीचं चावडी वाचन केलं. घर क्रमांकानुसार एकेक नाव मोठ्यानं वाचायचं. मयत असेल तर लोक सांगत, आणि चुकून जिवंत माणसापुढे खूण असेल तर सगळी पडवी ओरडायची, “आहे, आहे, मागं बसलीय!” त्या दिवशी चौदा सुनांचे आठ नंबरचे फॉर्म भरले. कुलपाला कॅरीबॅग बांधणारी बाईही आली होती. तिचं नाव यादीत होतं, फक्त नवऱ्याच्या नावात काना चुकला होता. तोही त्याच फॉर्मवर दुरुस्त करून घेतला, आणि चौथ्या दिवशी त्यांचा ट्रक निघाला.

तुमच्या घरातल्या प्रत्येकाचं नाव आज बघून घ्या. मोबाइलवर निवडणूक आयोगाचं ईसीआयनेट ॲप आहे, नाहीतर १९५० हा नंबर फिरवा. तोही जमत नसेल तर गावातल्या बीएलओच्या दारात जा. नमस्कार.