‘स्टार्टिंग कर्नल’ आणि पुढे सामसूम! रिस्क-फाइव्ह बोर्ड बूट होत नाही तेव्हा नेमकं काय बघायचं

(कॅमेरा सुरू. टेबलावर बोर्ड, शेजारी सिरियल केबल.)

नमस्कार मंडळी. ऑगस्ट 2025 मध्ये लिनक्सचं डेबियन 13 आलं, त्यात रिस्क-फाइव्हला, म्हणजे या खुल्या रचनेच्या प्रोसेसरांना, पहिल्यांदा अधिकृत स्थान मिळालं, आणि तेव्हापासून माझ्या कमेंट्समध्ये एकच घोषा चाललाय: “दादा, बोर्ड बूट होत नाही.” सोबत फोटो. फोटोत काय? काळाकुट्ट मॉनिटर. अरे बाबांनो, काळी स्क्रीन बघून मी काय भविष्य सांगणार?

तर आधी भराभर. पॉवर सप्लाय दमदार हवा, कार्ड धड हवं, इमेज नीट लिहिलेली हवी. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ.

एचडीएमआय विसरा. डिस्प्लेचा ड्रायव्हर हे कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, फार उशिराचं काम, आणि बऱ्याच रिस्क-फाइव्ह बोर्डांवर मेनलाइन, म्हणजे मूळ अधिकृत कर्नलमध्ये तो अजून धड नसतोही. आपल्याला हवी बोर्डाचे मेसेज कंप्युटरवर अक्षरांत दाखवणारी सिरियल केबल, 3.3 व्होल्टची. व्हिजनफाइव्ह 2 या बोर्डावर 40 पिनांच्या हेडरवर 6 नंबरला ग्राउंड, 8 ला टीएक्स (पाठवणारी), 10 ला आरएक्स (घेणारी). बोर्डाचा टीएक्स केबलच्या आरएक्सला, म्हणजे उलटसुलट जोडायचं. केबलची लाल वायर, म्हणजे पॉवरची, मोकळी सोडा. स्पीड 115200.

आणि हो, “अक्षरं दिसतात पण कीबोर्ड चालत नाही” असं विचारणाऱ्यांनो: मिनिकॉम या सिरियल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-ए, मग ओ, सिरियल पोर्ट सेटअप, तिथे हार्डवेअर फ्लो कंट्रोल ‘नो’ करा. बोर्ड शाबूत आहे. यावरून एकाने बोर्ड परत पाठवला होता म्हणे!

आता साखळी. चिपमधला बूट रॉम उठतो, तो एसपीएल या छोट्या लोडरला उठवतो, एसपीएल रॅम चालू करतो, मग ओपनएसबीआय हे फर्मवेअर, मग यू-बूट हा बूटलोडर, मग कर्नल. काहीच अक्षर येत नसेल तर केबल बघा, नाहीतर बूट मोडचे ते चिमुकले स्विच. एसपीएलवर अडकलं तर त्याला पुढची फाइल सापडत नाहीये. ओपनएसबीआयचा मोठा बॅनर आला आणि पुढे शांतता, तर बॅनरमधली ‘नेक्स्ट ॲड्रेस’ची ओळ वाचा, त्या पत्त्यावर यू-बूट नाहीये. झालं.

आता खरा विषय.

(स्क्रीनवर लॉग. शेवटची ओळ: ‘स्टार्टिंग कर्नल’, पुढे तीन टिंबं.)

निम्म्याहून जास्त लोक इथे थांबतात आणि लिहितात, “कर्नल सुरू झाला आणि लटकला.” नाही! ही ओळ कर्नलची नाहीच. यू-बूट छापतो ती. निघता निघता यू-बूट सांगून जातो की मी आता कर्नलच्या पत्त्यावर उडी मारतोय. कर्नलने अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही. तो सुरू झाला की नाही, हे या ओळीवरून कळतच नाही.

हेच दुसऱ्या बाजूने बघा. कर्नल धावतोय, पण बोलायचं कुठे हे त्याला सांगितलेलंच नाही. सुरुवातीचे सगळे मेसेज तो बफरमध्ये साठवतो, आणि कन्सोलचा, म्हणजे मेसेज छापायच्या पोर्टचा, ड्रायव्हर आल्यावर ओततो. बूट आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांमध्ये, कन्सोल चुकीचा असेल तर ओततच नाही. व्हिजनफाइव्हला टीटीवाय-एस-झिरो लागतो, सायफाइव्हच्या अनमॅच्ड बोर्डाला टीटीवाय-एसआयएफ-झिरो. एका मित्राचा बोर्ड असाच ‘मेलेला’ म्हणून माझ्याकडे आला होता. सिरियलवर चिडीचूप. पण इथरनेटचा दिवा लुकलुकत होता! राउटरच्या यादीतून आयपी काढला, नेटवर्कवरून एसएसएच मारलं, तर लॉगिन हजर. अख्खी सिस्टिम मजेत चालू. कन्सोल फक्त टीटीवाय-झिरो लिहिलेला, म्हणजे सगळं बोलणं त्या न लावलेल्या मॉनिटरकडे. तो बिचारा कार्डावर कार्डं बदलत बसला होता.

म्हणून बूट आर्ग्युमेंटमध्ये हे जोडा: अर्लीकॉन, बरोबरचं चिन्ह, एसबीआय. (स्क्रीनवर मोठ्या अक्षरात.) ही सोय कर्नलमध्ये बांधलेली असेल तर तो स्वतःच्या ड्रायव्हरची वाट न बघता ओपनएसबीआयला म्हणतो, एवढं अक्षर छापून दे. नुसतं ‘अर्लीकॉन’ लिहिलं तर तो डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे हे सांगणाऱ्या फाइलमधून, सिरियल पोर्ट शोधतो, आणि गोंधळ त्याच फाइलमध्ये असला तर पुन्हा सामसूम. त्यामुळे ‘एसबीआय’ लिहाच.

“दादा, तेही केलं, तरी काही नाही.” ही कमेंट येणार, मला माहीत आहे. आणि इथे तिसरी बाजू आहे, ती नीट ऐका. बूट आर्ग्युमेंट कर्नलपर्यंत पोचतात कसे? यू-बूट ते डिव्हाइस ट्रीमध्ये ‘चोझन’ नावाच्या नोडमध्ये लिहितो. उडी मारताना दोनच गोष्टी हातात देतो: ए-झिरो रजिस्टरमध्ये हार्टचा, म्हणजे साधारण सीपीयू कोअरचा, नंबर, ए-वनमध्ये डिव्हाइस ट्रीचा पत्ता. बस. तो पत्ताच भलतीकडे असेल, किंवा तिथली फाइल खराब झाली असेल, तर तुमचं अर्लीकॉन कर्नलने वाचलेलंच नाही. म्हणजे अर्लीकॉन-एसबीआय लावूनही एक अक्षर नाही, असं झालं की संशय सरळ डिव्हाइस ट्रीवर आणि मेमरीतल्या पत्त्यांवर घ्यायचा.

ती फाइल खराब कशी होते? बहुतेक वेळा कर्नलच तिच्यावर बसतो. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर प्रिंटएन्व्ह मारा आणि कर्नल, एफडीटी (म्हणजे डिव्हाइस ट्री), रॅमडिस्क (सुरुवातीची तात्पुरती फाइल सिस्टिम) या तिघांचे पत्ते कागदावर लिहा. डीबग पर्याय चालू करून बांधलेला कर्नल चांगलाच फुगतो, आणि त्याला लागणारी मेमरी फाइलच्या आकारापेक्षा जास्त असते. शेजारी डीटीबी, म्हणजे तीच डिव्हाइस ट्रीची फाइल, ठेवलेली असेल तर गेली. शिवाय 64 बिटमध्ये कर्नल 2 एमबीच्या सीमेवरच ठेवायचा असतो, मनाला येईल तिथे नाही.

आणि फाइल शाबूत असली तरी ती तुमच्याच बोर्डाची आहे ना? व्हिजनफाइव्ह 2 च्या 1.2ए आणि 1.3बी या दोन आवृत्त्यांना वेगळ्या डीटीबी लागतात. 1.2ए वर एक इथरनेट पोर्ट 100 एमबीपीएसचा, 1.3बी वर दोन्ही गिगाबिट. चुकीची लावली तर बूट कदाचित होईल, पण नेटवर्क रुसेल, आणि मग तुम्ही केबलला शिव्या घालाल. काय बूट करायचं हे लिहिलेल्या एक्स्टलिनक्सच्या कॉन्फ फाइलमध्ये कर्नल नवा आणि एफडीटीडिरचा, म्हणजे डीटीबींच्या फोल्डरचा, मार्ग जुना, हेही मी कितीदा बघितलंय. हाताने अपडेट करणाऱ्यांनो, तुम्हालाच म्हणतोय.

बाकीचं पटकन. ‘अननोन-ब्लॉक शून्य, शून्य’ असं पॅनिक आलं, म्हणजे कर्नलने हात टेकले, तर कर्नलला डिस्कच दिसली नाही. इनिटरामएफएस, म्हणजे वरची रॅमडिस्क, लोड झाली का बघा, डिस्कची वाट बघायला लावणारा रूटवेट लावा, आणि एमएमसीबीएलके-झिरो या कार्डाच्या नावाच्या जागी पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, लिहा, कारण कर्नल बदलला की शून्याचा एक होऊ शकतो. ‘बॅड लिनक्स रिस्कव्ही इमेज मॅजिक’ म्हणजे यू-बूटच्या बूटआय कमांडला कर्नलची साधी इमेज मिळालेली नाही, भलतीच काहीतरी फाइल दिली आहे.

‘डिसेबलिंग अनयूज्ड क्लॉक्स’ या ओळीनंतर थिजला तर क्लॉक-इग्नोर-अनयूज्ड लावून बघा. चालला, तर कुठल्यातरी ड्रायव्हरने आपला क्लॉक मागितलेलाच नाही, हे कळलं. पण तो पर्याय कायमचा ठेवून विसरू नका हो, दुखणं तसंच राहतं.

शेवटचा, सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. “उबंटू 25.10 टाकलं, पॅनिक होतंय, ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’, एक्झिटकोडच्या शेवटी 4.” तो 4 म्हणजे इल्लीगल इन्स्ट्रक्शनचा, प्रोसेसरला न कळलेल्या सूचनेचा, सिग्नल. 25.10 पासून उबंटूला आरव्हीए23 प्रोफाइल, म्हणजे प्रोसेसरला आल्याच पाहिजेत अशा सूचनांची यादी, लागतं, आणि ते प्रोफाइलच ऑक्टोबर 2024 मध्ये मंजूर झालं. व्हिजनफाइव्हच्या जेएच7110 चिपमध्ये त्यातलं व्हेक्टर, म्हणजे एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना, नाहीच. बनाना पाय एफ3 मध्ये व्हेक्टर आहे, पण आरव्हीए23 पूर्ण नाही. इथे अर्लीकॉन, डीटीबी, कार्ड, कशानेही फरक पडणार नाही. त्या बोर्डांवर 24.04 ठेवा, नाहीतर डेबियन.

आणि कमेंटमध्ये लॉग टाकाल तो पहिल्या अक्षरापासून टाका, मजकूर म्हणून. फोटो नको.