फिशरीज शिकायचंय? आधी माशाची लांबी मोजायला शिका

नमस्कार! बारावीनंतर फिशरीज घेतो म्हटलं की घरी पहिला प्रश्न येतो, "मासे पकडायला डिग्री कशाला?" पकडायला नकोच. ते कोळीवाड्यात आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं. डिग्री लागते ती किती पकडायचं, केव्हा आणि कुठल्या जाळ्याने, हे ठरवायला.

बी.एफ.एस्सी. चार वर्षांची. बारावी सायन्सला बायोलॉजी हवं, शिवाय सीईटी. कॉलेजं रत्नागिरी, नागपूर, उदगीरला. पुढे मास्टर्सला मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. मत्स्यशेती, प्रक्रिया वगैरे विषय आहेतच, पण माझ्या मते या शिक्षणाचा गाभा म्हणजे मत्स्यसाठ्याचा, म्हणजे समुद्रात मासे किती आहेत आणि किती वाढतात याचा, अभ्यास.

समुद्रातले मासे काही मोजता येत नाहीत. म्हणून पहाटे बंदरावर जायचं, लिलाव सुरू व्हायच्या आत टोपलीतला एकेक मासा मोजपट्टीवर ठेवून लांबी लिहायची. नमुन्याला घेतलेल्या माशांची पोटं चिरून गाबोळी बघायची: कच्ची आहे, पिकलीय, की अंडी सोडून पिशवी रिकामी झालीय? ज्या लांबीला निम्म्या माद्या अंडी द्यायला तयार दिसतात, तो आकडा फार महत्त्वाचा. त्याच्या खालचे मासे धरले, तर त्यातल्या बहुतेकांनी एकदाही अंडी दिलेली नसतात.

वय कसं कळतं? माशाच्या कानात खडे असतात. ढोम्याचे तर चांगले मोठे. थंड प्रदेशात त्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं मोजतात. आपलं पाणी बारमाही उबदार, त्यामुळे ती सहसा स्पष्ट उमटत नाहीत. मग महिनोन्‌महिने लांबी टिपायची आणि लहान माशांचा गट किती पुढे सरकला, यावरून वाढ काढायची. काम चिकाटीचं आहे, पण पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

अशाच अभ्यासातून, सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशीवरून, महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींची पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवली. पण जाळं वर येईपर्यंत छोटा पापलेट बहुधा मेलेला असतो, परत टाकून काय उपयोग? म्हणून ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, शेपटाला ४० मिमीची चौकोनी आस (जाळ्याचं भोक) हवी. ओढताना ती मिटत नाही, पिल्लं निसटतात. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी.

तरी मच्छीमार विचारतो, "मी सोडला तर पुढचा ट्रॉलर धरेल, मग मीच का सोडू?" प्रश्न अगदी रास्त आहे. आस भर समुद्रात तपासणं कठीण. लांबी मात्र धक्क्यावर, माल घेणाऱ्या व्यापाऱ्यासमोर, कुणालाही मोजता येते. म्हणून माझं ठाम मत आहे, की तपासणी खरेदीपासून सुरू व्हावी.