तेव्हा तुम्ही कुठे होतात?

२८ जानेवारी १९८६. फ्लोरिडातली गोठवणारी सकाळ. चॅलेंजर यान झेपावलं आणि ७३ सेकंदांत आकाशातच त्याचे तुकडे झाले. थंडीने कडक झालेलं एक रबरी सील निकामी ठरलं होतं. सातही अंतराळवीर गेले. त्यांत शाळेत शिकवणाऱ्या ख्रिस्टा मॅकॉलिफ होत्या, म्हणून अमेरिकेतल्या कितीतरी शाळांमध्ये मुलं टीव्हीसमोर बसून हे उड्डाण बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली दिली. बातमी कळली तेव्हा कुठे होतात? काय करत होतात? कुणी सांगितलं?

हा प्रश्न त्यांना उगाच पडला नव्हता. १९४१ साली जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर केलेल्या हल्ल्याची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, हे त्यांना लख्ख आठवायचं. कित्येक वर्षांनी एकदम ध्यानात आलं: हल्ल्याची तारीख ७ डिसेंबर. आणि डिसेंबरात बेसबॉलचे सामने नसतातच.

अडीच वर्षांनी नायसर आणि निकोल हार्श यांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचं काहीच जुळेना. सगळं जुळलं ते फक्त तिघांचं. बहुतेकांना मात्र आपल्या आठवणीची पक्की खात्री होती.

एका कागदावर आधी लिहिलं होतं: वर्गात असताना काही जण आत आले आणि त्याबद्दल बोलू लागले. त्या बाईंचे विद्यार्थी हे सगळं बघत होते, याचं फार वाईट वाटलं. तास संपल्यावर खोलीवर जाऊन टीव्ही पाहिला, तेव्हा सगळं कळलं.

अडीच वर्षांनंतर त्याच व्यक्तीचं उत्तर: खोलीत रूममेटसोबत टीव्ही बघताना बातमी आली.

याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खोली खरी होती, टीव्हीही खरा होता. नंतरचं दृश्य तेवढं सरकून आधी आलं. मला हळहळ वाटते ती वर्गाच्या दारातून आत आलेल्या त्या माणसांची. माणसाच्या तोंडून आलेली ती पहिली, अर्धीमुर्धी बातमी टीव्हीच्या चित्राखाली झाकली गेली.

पुढे त्या विद्यार्थ्यांना त्यांचेच जुने कागद दाखवले. अक्षर त्यांचंच होतं. पण त्यावर लिहिलेली आठवण कुणालाच परत आली नाही.